रुश्निकवरची हळद

कोपरच्या घरात गोदूबाईंनी कपाट उघडलं, तर लेस्याचा रुश्निक, तिचं माहेरचं भरतकामाचं कापड, जागेवर नव्हता. लेस्या त्यांची धाकटी जाऊ, गेल्या वर्षी गेली. तिच्या मुलीने, प्राचीने, तो ठाण्यात ऑफिसजवळच्या लाँड्रीत दिला होता. कॅनडातलं एक युक्रेनियन संग्रहालय देशोदेशी पांगलेल्या घरांतल्या वस्तू जमवत होतं. आईची आठवण तिथे डागासकट कशी पाठवायची, असं तिचं फोनवर म्हणणं.

गोदूबाईंनी फोन ठेवला आणि चपला घातल्या. वय एकोणऐंशी, गुडघे बोलत होते. बस आणि मग रिक्षा करून त्या निघाल्या.

दीर प्रभाकर युक्रेनमधल्या खारकिवला इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि लेस्याला घेऊन आला. तिच्या आईने लाल-काळ्या भरतकामाचं हे लांब कापड सोबत दिलं होतं. त्यांच्याकडे नवरा-नवरी लग्नात त्यावर उभे राहतात. इथे ऐन मुहूर्ताला कळलं, अंतरपाट घरीच राहिला. गुरुजी चिडले. लेस्याने मुकाट्याने पेटीतून रुश्निक काढला. गोदूबाईंनी लगबगीने एक टोक धरलं. नवरीला लावलेली हळद हातावर ओलीच होती, पाच बोटं उमटली. लेस्याने ती कधी धुतली नाहीत.

लाँड्रीवाल्या साईनाथने एका बोटाला साबण लावला होता. तेवढी हळद लाल झाली होती. कापड तो उन्हात टाकायच्या बेतात होता.

"आजी, उन्हात हळद उडते. संध्याकाळपर्यंत पांढरंशुभ्र."

"म्हणूनच आले. साध्या पाण्यातून काढ आणि सावलीत टाक."

साबण निघाला तशी हळद पुन्हा पिवळी झाली. तरी कापड वाळेपर्यंत गोदूबाई दुकानातल्या स्टुलावरून हलल्या नाहीत. ऑफिस सुटल्यावर प्राची आली. संग्रहालयातली माणसं काय म्हणतील, असं ती पुटपुटली.

"भरतकाम तुझ्या आजीचं, बोटं माझी," गोदूबाई म्हणाल्या. "जातील तर दोन्ही जातील."

प्राचीने मोबाईलवर संग्रहालयाचा फॉर्म काढला. 'खराबी'च्या रकान्यातला 'डाग' हा शब्द तिने पुसला आणि 'इतिहास' लिहायला घेतला. गोदूबाई तारीख, कार्यालय, अंतरपाटाची फजिती, सगळं सांगत गेल्या.

"काकू, दुसरं टोक कोणी धरलं होतं?"

नवऱ्याचं नाव गोदूबाईंनी उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं.

"महिपत," त्या म्हणाल्या. "लिही."