धाव थांबल्यावर

सकाळच्या शांततेत बाथरूममधून टक्कन आवाज आला. दम्याच्या पंपाचं टोपण. भिंगरी हल्ली दार लावून पंप घ्यायची, कारण बाहेरच्या खोलीत आत्या चहा पीत बसलेली असायची.

"घेतलं का औषध राणीसरकारांनी?" आत्याने बसल्या जागेवरून विचारलं. मग भावजयीकडे बघत म्हणाली, "आमच्या सात पिढ्यांत कुणाला दमा माहीत नाही. हे सगळं तुमच्याकडचं."

भिंगरीची आई कपबशा विसळत राहिली.

भिंगरीच्या शाळेत ही आत्याच, म्हणजे आईची नणंदच, खेळाची शिक्षिका. गेल्या आठवड्यात पोर सगळ्यांच्या पुढे पळाली, रेघ ओलांडली आणि छाती धरून खाली बसली. "पळताना ठणठणीत, थांबली की बरं नाटक सुचतं," असं म्हणून आत्याने तिचा पंप स्वतःच्या खिशात टाकला आणि वर अजून एक फेरी मारायला लावली. पोर घरी आली तेव्हा तिचे ओठ निळसर पडले होते. धाव थांबल्यावरच श्वासनळ्या जास्त आवळतात, हे सांगून सांगून आईची जीभ झिजली होती. नवरा म्हणाला, "ताईचा स्वभावच तसा आहे, मनावर घेऊ नकोस."

तिने मनावर घेतलं. चांगली निरगाठ मारून ठेवलं.

भिंगरीची आई काम करायची त्या दवाखान्यात, श्वासाच्या तपासणीच्या खोलीत, एके दिवशी नणंदच येऊन उभी राहिली तेव्हा तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना.

"घरी बोलू नकोस," नणंद दबक्या आवाजात म्हणाली. "पळून आले की खोकला सुटतो गं. रक्त तपासून झालं, आता म्हणतात पळवून बघू."

डॉक्टरांनी कागद पुढे केला. रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पेशी भरपूर वाढलेल्या. भिंगरीच्या रिपोर्टमध्येही त्याच वाढलेल्या होत्या. "रक्त नुसता इशारा देतं," डॉक्टर म्हणाले. "नळ्या आवळतात का, ते पळवल्यावर कळेल. मी शेजारीच आहे, हाक मारा."

तिने नणंदेच्या नाकाला चिमटा लावला, ट्रेडमिल सुरू केली आणि चढ वाढवत नेला. नणंद ऐटीत पळाली.

"एवढंच? माझ्या वर्गातल्या पोरी याहून जास्त पळतात."

"उतरा ताई. खरी तपासणी आता सुरू होते."

यंत्राच्या नळीत मारलेली पहिली फुंक छान आली. "बघ, काही नाही," नणंद म्हणाली. दुसऱ्या फुंकेला पडद्यावरची रेघ वाकली. तिसऱ्या फुंकेला ती अशी खाली आली की आता लगेच पंप द्यायचा, हा नियम भिंगरीच्या आईला झोपेतही पाठ होता. पंप तिच्या एप्रनच्या खिशात होता. तिने खिशात हात घातला. पंप हाताला लागला. हात तिथेच राहिला.

"अजून एक फुंका."

"नाही गं... जमत..."

"पळताना तर ठणठणीत होतात. जोरात, ताई. सोडू नका."

नणंदेच्या गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. खोटं कशाला बोला, भिंगरीच्या आईला ती शिट्टी गोड लागली. नणंदेने चाचपडत हात पुढे केला. तिने त्या हातात पुन्हा नळी दिली.

चौथ्या फुंकेला रेघ जेमतेम हलली. नणंदेने नाकावरचा चिमटा ओढून काढला आणि वर बघितलं. त्या डोळ्यांत टोमणा नव्हता, ताईपणा नव्हता, नुसती भीती होती. आणि फुगलेल्या नाकपुड्या थेट भिंगरीच्या. तेव्हा कुठे तिने पंप बाहेर काढला.

घरी जाताना तिने एक वाक्य घोळवून घोळवून गुळगुळीत केलं: दमा तुमच्याच घरचा निघाला हो. नवऱ्यासमोर, नणंदेसमोर, एकदाच आणि सावकाश म्हणायचं.

संध्याकाळी नणंद आली ती सरळ भिंगरीजवळ जाऊन बसली. "माझं चुकलं गं पोरी," ती म्हणाली. मग भावाकडे वळली. "आपल्याच रक्तातलं निघालं रे हे. उगाच हिला बोलत राहिले. आज ही होती म्हणून निभावलं. परकं कुणी असतं तर माझं काय झालं असतं, कुणास ठाऊक."

भिंगरीच्या आईच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. आता ते कुणाच्याच कामाचं नव्हतं. उरला होता तो फक्त खिशात राहिलेला हात.

"भीती वाटली आत्या?" भिंगरीने विचारलं.

"खूप."

"मला पण वाटते. तेव्हा कुणीतरी हात धरला ना, की जरा कमी वाटते." मग तिने मान वर करून आईकडे पाहिलं. "आई, तू आत्याचा हात धरला होतास ना?"