आखूड तार

हातात दिलेली वस्तू बघून घ्यायची सवय सुनेच्या नवऱ्याला नव्हती. आईनं चहा दिला, बायकोनं रुमाल दिला, हा नुसता हात पुढे करी, नजर भलतीकडे. सासूला त्याचंही कौतुक. "माझ्या लेकाचं डोकं सदा वर," म्हणायची. वर असतं म्हणूनच आत काही शिरत नाही, असं सुनेच्या मनात यायचं.

दोघं एकाच प्रयोगशाळेत. बोगद्यात पंख्यानं वारा सोडायचा, त्यात केसाहून बारीक तापलेली तार धरायची आणि ती कशी निवते त्यावरून वाऱ्यातले भोवरे मोजायचे. पण भोवरा तारेच्या लांबीपेक्षा लहान असला तर तारेला त्याचा पत्ता लागत नाही. चार भोवरे मिळून कागदावर एक गुळगुळीत रेघ निघते. म्हणून तार आखूड हवी, आणि आखूड तार भिंगाखाली जोडताना श्वास सोडला तरी तुटे. सून अख्खा हिवाळा तुटलेल्या तारा जोडत बसली. अखेर एक टिकली. कागदावर असे बारीक भोवरे उमटले की प्रयोगशाळेच्या सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

कागद मात्र नवऱ्याच्या हातात होता. "माझं काम," तो म्हणाला. प्रयोगशाळेत कायमच्या नोकरीची जागा एकच होती.

"माझं नावसुद्धा घेतलं नाहीस?" तिनं जेवताना विचारलं.

"तुझं-माझं वेगळं आहे का?"

सासूनं वाढता वाढता भर घातली, "तारा जोडणं म्हणजे शिवणकामच की. त्याला कसलं गं नाव?"

"खरंय, आई," म्हणत सुनेनं त्याला पाणी दिलं. त्यानं न बघता घेतलं.

त्या जागेसाठी परीक्षक आले, म्हणाले, आमच्यासमोर मोजून दाखवा. सासू नवी साडी नेसून पुढच्या खुर्चीत. नवऱ्यानं स्वयंपाकघराकडे करावा तसा पाठीमागे हात केला. "तार."

सुनेपुढे दोन डब्या होत्या. एकीत तिची आखूड तार, दुसरीत शिकाऊ मुलांची लांब, दणकट. तिनं दुसरी उघडली.

"बघून घे," ती म्हणाली.

"दे गं लवकर."

तिनं दिली.

रेघ निघाली, इस्त्री केल्यासारखी. "बारीक भोवरे कुठे गेले?" परीक्षकांनी विचारलं. नवऱ्यानं यंत्र ठोकलं, पंख्याला नावं ठेवली, मग घाम पुसत बायकोकडे बोट केलं. "तार हिची. सगळ्या तारा हीच जोडते. मला त्यातलं काही कळत नाही."

"मग ते भोवरे कुणी मोजले होते?"

सुनेनं पहिली डबी उघडली, तार बसवली, आणि कागदभर भोवरे उठले. जागा तिला मिळाली.

"नवऱ्याला चारचौघांत तोंडावर पाडलंस," घरी सासू म्हणाली.

"बघून घे म्हटलं होतं, आई."

तिनं त्याला चहा दिला. त्याचा हात पुढे आला आणि थांबला. मान वाकवून तो कपात बघत राहिला. कप तापलेला होता, बोटं भाजत होती, तरी तिनं तो खाली ठेवला नाही.

"नीट बघ," ती म्हणाली. "घाई नाही."