वाक्य पुरं करणारी माणसं

मैनाला उभ्या आयुष्यात एकही वाक्य स्वतः पुरं करावं लागलं नव्हतं. ते पुरं करून द्यायला माणसं कायम टपलेली असत. लहानपणापासून ती बोलताना अडखळायची. शब्द ओठापर्यंत येऊन हटून बसायचा, आणि तो सुटायच्या आत आई, मामी, शेजारीण, वाणी, कुणी ना कुणी तो उचलून तिच्या हातात द्यायचं. तो शब्द तिला हवा होता की नव्हता, हे विचारायची पद्धत नव्हती.

मैना हे नावही थोरल्या भावाने चिडवायला ठेवलेलं. पण खरं नाव सांगताना पहिल्याच अक्षराशी गाडी अडे आणि मैना मात्र सुरळीत बाहेर पडे, म्हणून तिने तेच धरून ठेवलं. चेष्टा करणारे कंटाळले, नाव टिकलं.

दादा काही वाईट माणूस नव्हे. प्रेमळच, आणि तीच तर पंचाईत. बँकेत तिच्या वतीने तो बोलायचा, डॉक्टरकडे तिचं पोट कुठे दुखतं ते तोच सांगायचा. एकदा लग्नाची बोलणी चालली असताना "तुम्हाला कशाची आवड?" असं समोरच्यांनी विचारलं, तर दादा म्हणाला, "शिवणकामाची." मैना तेव्हा कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात दिवसभर करवत आणि कानस चालवत होती. सुईत दोरा ओवायचा झाला तर ती तीनदा थुंकी लावायची. लग्न मोडलं ते बरंच झालं, नाहीतर जन्मभर परकर शिवत बसावं लागलं असतं.

म्हणून परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचं तिने परस्पर ठरवलं आणि सगळं पक्कं झाल्यावरच घरात सांगितलं. घर हादरलं. दादा म्हणाला, "मायबोलीत धड बोलता येत नाही, परक्या भाषेत काय दिवे लावणार?"

"ला... लावते की," मैना म्हणाली.

तिला पाठवणाऱ्या संस्थेचा नियम सरळ होता. आधी भाषेचं शिक्षण, मग तोंडी परीक्षा. पास झालं तर ज्याला त्याला आपापल्या कामावर पाठवायचं. मैनाला तिथल्या पाय बसवण्याच्या केंद्रात. नापास झालं तर परतीचं तिकीट.

परदेशात पोचल्यावर वर्ग एका जुन्या शाळेच्या माडीवर भरायचा. बाकं लहान मुलांची, त्यामुळे सगळ्या मोठ्या माणसांचे गुडघे हनुवटीला टेकलेले. खिडकीच्या एका तावदानाला काचेऐवजी पुठ्ठा. शिकवायला एक तरणीताठी बाई, उत्साहाने नुसती उतू जाणारी. आणि विद्यार्थी म्हणजे विहिरी खोदणारा इंजिनिअर, एक सुईण, एक गणिताचा मास्तर, असे आपापल्या गावातले शहाणे. त्यातला एकेक जण उभा राहायचा आणि "माझं नाव" म्हणताना त त प प करायचा. मास्तरांना तर घाम फुटला.

मैनाला इतका आनंद झाला, की तिला स्वतःचीच लाज वाटली. जन्मात पहिल्यांदा ती चारचौघांसारखी होती. सगळेच अडत होते, सगळेच लाल होत होते. हा देश आपल्याला मानवला, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

पण हे सुख फार टिकलं नाही. हळूहळू इंजिनिअर बोलायला लागला. सुईण तर भांडायलाही लागली. मास्तर विनोद करायला लागले, आणि इथली माणसं त्यावर हसायलाही लागली. मैनाला शब्द सगळ्यांपेक्षा जास्त पाठ होते, कारण ती भीतीने पाठ करत होती. तोंडातून मात्र ते तसेच अडत अडत यायचे.

त्यात आणखी एक अडचण होती, जी फक्त तिलाच माहीत होती. मायबोलीत तिला सगळ्या आडवाटा ठाऊक होत्या. 'पाणी' अडलं, तर ती "तहान लागली" म्हणायची. 'बटाटा' अडला, तर कोबी घेऊन यायची. घरच्यांना वाटायचं, पोरीला कोबी आवडतो. इथे एका वस्तूला तिच्याकडे एकच शब्द होता. तो अडला की संपलं.

आणि शिकवणारी बाई भारी मायाळू. मैना अडली, की बाईचे डोळे भरून यायचे आणि ती चटकन पुढचं बोलून टाकायची. "शाबास! हेच म्हणायचं होतं ना?" मैना मान हलवायची. कुठेही जा, पळसाला पानं तीनच.

ती राहायची एका इस्त्रीवालीच्या घरी. पुढच्या खोलीत हे भलं मोठं टेबल, त्यावर लॉजच्या चादरींचा ढीग आणि खोलीभर वाफ. मागच्या खोलीत पडद्याआड मैनाची खाट. बाई साठीची, मनगटं पैलवानासारखी. तिच्या स्वभावात मायाळूपणाचा लवलेश नव्हता. पहिल्याच दिवशी तिने न्हाणीघराची किल्ली दाखवली, टपाचं पाणी कसं सोडायचं ते दाखवलं आणि आपली चादर उचलली.

एकदा तिने मैनाला कांदे आणायला पाठवलं. मैना दुकानात गेली, तोंड उघडलं, शब्द अडला. दुकानदार हसून म्हणाला, "अंडी?" मागे गिऱ्हाईकं उभी होती. मैनाने मान हलवली आणि अंडी घेऊन घरी आली.

इस्त्रीवालीने पिशवीत डोकावून बघितलं. "मी अंडी सांगितली होती?"

मैनाने नाही म्हणून मान हलवली.

"मग आणलीस का?"

"त्या... त्यानं दिली."

"उद्या त्यानं नवरा दिला तर तोही पिशवीत घालून आणशील? जा परत."

मैना परत गेली. दुकानदाराला वाटलं, ही काहीतरी विसरली. तो बिचारा मदतीला धावला. साखर? साबण? काडेपेटी? मेणबत्त्या? बघता बघता अर्धं दुकान फळीवर आलं आणि मागची गिऱ्हाईकं कुरकुरायला लागली. मैनाचे कान तापले. आता मेणबत्त्या घ्याव्यात आणि सुटावं, असं शंभरदा मनात आलं. पण समोर दुकानदार होता आणि घरी इस्त्रीवाली होती, आणि या दोघांत भीती कुणाची जास्त हे सांगायला नकोच. मैना फळीला धरून उभी राहिली. शब्द पहिल्या अक्षराशी अडला, घासला, पुन्हा अडला. शेवटी "कांदे" असं ती एवढ्या जोराने म्हणाली, की दुकानदाराने दोन्ही हात वर केले.

घरी इस्त्रीवालीने कांदे बघितले. कौतुक नाही, काही नाही. "चिर आता," म्हणाली.

त्या दिवशी कांदे चिरताना मैना रडली. कांद्यांमुळे नव्हे, रागाने. इतकी वर्षं आपण काय काय नको असलेलं घरी आणलं, ते तिला दिसायला लागलं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दादाचा फोन आला.

"दादा, मला आता क... क..."

"कंटाळा आला ना?" दादा म्हणाला. "मला वाटलंच होतं. तिकीट काढून ठेवतो, काळजी करू नकोस. कुणी काही बोलणार नाही तुला."

तिला म्हणायचं होतं, मला आता कळायला लागलंय. पूर्वी तिने हुंकार भरला असता आणि तिकीट घेतलं असतं. आता ती म्हणाली, "ति... तिकीट काढायचं नाही. आणि माझ्या मधे... मधे तोंड घालायचं नाही." मग दादा काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला. आणि तिला चक्क मजा वाटली.

मैनाची परीक्षा पाय बसवण्याच्या केंद्रातच होती. प्रत्येकाने आपलं काम खऱ्या माणसासमोर, इथल्या भाषेत बोलून दाखवायचं. मैनासमोर एक बसचा ड्रायव्हर होता. अपघातात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. आज तो पहिल्यांदा नव्या पायावर उभा राहणार होता. कमरेएवढ्या दोन समांतर दांड्या धरून तो उभा होता. धिप्पाड माणूस, पण घाबरून ताठ झालेला. बाजूच्या खुर्चीत प्रशिक्षणाचे प्रमुख बसले होते. त्यांच्याशेजारी शिकवणारी बाई होती, मैनापेक्षा जास्त घाबरलेली.

नव्या पायाचा मांडीवरचा पट्टा अजून बांधायचा होता. तो आवळेपर्यंत सगळा भार चांगल्या पायावर ठेवायचा, नाहीतर पाय निसटतो. मैनाला एवढंच सांगायचं होतं. ती खाली बसली, पट्टा हातात घेतला आणि म्हणाली, "नव्या पायावर इत... इत..."

ड्रायव्हर वाट बघत होता. प्रमुख बघत होते. शिकवणाऱ्या बाईला राहवेना.

"नव्या पायावर भार टाका!" ती आनंदाने म्हणाली.

ड्रायव्हरने टाकला. पाय निसटला, तो एका अंगावर कोसळायला लागला, आणि मैनाने उठून त्याला काखेत खांदा देऊन धरला. त्या ओझ्याने तिचे गुडघे वाकले, पण तो जमिनीवर पडला नाही. त्याला खुर्चीत बसवलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. शिकवणारी बाई रडायच्या बेतात होती.

प्रमुख उठून जवळ आले. आवाज अगदी मऊ. "बाई, तुमचा हात चांगला आहे, मी ऐकलंय. परत जायची गरज नाही. मागच्या खोलीत प्लास्टरचे साचे ओतायचं काम आहे, ते तुम्हाला देतो. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. बघितलंत ना, असं अडलात तर रुग्ण पडेल."

सोय चांगली होती. मान हलवली की झालं. तिकीट नको, बोलणं नको, दादासमोर नाकही वर. मागची खोली मैनाला डोळ्यांसमोर दिसली, आणि आपण म्हातारपणापर्यंत तिथे पांढऱ्या धुळीत मान हलवत बसलोय, तेही दिसलं. ती भयंकर चिडली.

"माझ्या था... थांबण्याने ते पडले नाहीत," ती म्हणाली. मग थांबली. शब्द अडला. प्रमुखांनी ओठ उघडले, मिटले. शिकवणारी बाई तिच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. कारण पुढचं वाक्य तिथे कुणाच्याच डोक्यात नव्हतं, ते फक्त मैनाकडे होतं. तिने सावकाश तो शब्द ओढून काढला. "तुमच्या घा... घाईने पडले."

ड्रायव्हर खेकसला, "बरोबर बोलली! मला उभं करा. आणि हिनेच करायचं. बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावा."

मैनाने त्याला दांड्यांपाशी उभं केलं. पुन्हा खाली बसली, पुन्हा पट्टा धरला. "नव्या पायावर इत... इत..." शिकवणाऱ्या बाईने स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं. ड्रायव्हरच्या कपाळावरून घाम ओघळला, पण तो हलला नाही. "इतक्यात भार टाकू नका," मैना म्हणाली. पट्टा आवळला, हात फिरवून बघितला, उठून त्याच्यासमोर उभी राहिली. "आ... आता टाका."

त्याने टाकला. पाय जागेवर राहिला. त्याने एकदा खाली बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि एवढा मोठा माणूस ओठ चावत उभा राहिला.

"प्रत्येक रुग्णाला एवढा वेळ लागणार?" प्रमुखांनी विचारलं.

"ला... लागणार."

प्रमुखांनी मान खाली घातली. "मग सोमवारपासून तुम्ही..." ते म्हणाले आणि अडले. आपण आत्ताच काय बोललो होतो ते आठवून त्यांची जीभ जड झाली असावी. पुढे काय येणार ते मैनाला दिसत होतं, शब्दन् शब्द. सवय नव्हती तरी तोंडाशी आलं होतं.

तिने ते गिळलं. हाताची घडी घालून ती त्यांच्यासमोर उभी राहिली, आणि त्यांचं वाक्य त्यांना पुरं करू दिलं.