चंदाच्या रक्ताची नोंद

सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या संशोधनासाठी अर्जुनी मोरगावच्या बाजूला सातशे बायकांचं रक्त घेतलं होतं. प्रत्येक नळीबद्दल जे लिहायचं ते ठरलेल्या शब्दांच्या यादीतूनच, म्हणजे जगात कुठेही त्याचा अर्थ एकच लागावा. ती यादी तयार करणाऱ्यांत गुंजन वयाने सगळ्यात लहान. फुलचूरच्या भाड्याच्या खोलीत बसून ती शब्दांना व्याख्या द्यायची, कुठला शब्द कुणाच्या पोटात बसतो ते ठरवायची.

नळ्यांतली एक चंदाची होती, तिच्या बालमैत्रिणीची; नळीवरचा नंबर चंदानेच तिला सांगितला होता. रक्त दिल्यावर सहा महिन्यांनी चंदा गेली. तेव्हापासून दर रविवारी चंदाची आई, शकुंतलाबाई, फोन करून एकच विचारायची, पोरीचं रक्त कामी आलं का.

मार्चमध्ये गुंजनला ते दिसलं. 'रक्त घेण्याआधीची स्थिती' या रकान्यात एकसष्ट बायकांपुढे 'विश्रांती' लिहिलं होतं. चंदापुढेही. तारखा ऐन रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या. आरोग्य पथक दुपारी धुऱ्यावर, शेताच्या कडेला, आलं असणार, बाया चिखलाच्या बांधीतून वर आल्या असणार, पाय धुऊन मोहाच्या सावलीत दहा मिनिटं टेकल्या असणार. नर्सबाईंना त्या बसलेल्याच दिसल्या. पण सकाळपासून कमरेत वाकून, पोटऱ्यांपर्यंत गार चिखलात उभं राहून धानाचे परे लावलेल्या त्या बाया. याच दिवसांत चंदाची हाडं रात्रभर ठणकायची. याला विश्रांती कसं म्हणायचं? यादीतला 'श्रम'ही बसेना. त्याच्या व्याख्येत दवाखान्यातला चालण्याचा पट्टा होता आणि मोजलेली मिनिटं.

म्हणून तिने नवा शब्द सुचवला, 'रोवण्यातून उठून'. व्याख्या इतक्या मायेने लिहिली की जणू लेकराचं बारसंच. प्रस्ताव विचाराधीन असेपर्यंत अशा नळ्या 'इतर'मध्ये टाकायच्या, असा नियम होता. एकसष्टही तिने स्वतः टाकल्या. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, असं तिला वाटलं.

उत्तर जुलैत आलं. शब्द मंजूर करणाऱ्या समितीच्या प्रफुल सरांनी मुद्दाम फोन केला. व्याख्या सुरेख आहे म्हणाले, पण आधार म्हणून छापील संशोधन लागतं, आणि या स्थितीवर कुणी काही लिहिलेलंच नाही.

"मी पाहिलंय सर. लहानपणापासून."

"पाहिलेलं नाही चालत गुंजन. छापलेलं लागतं."

यादी आता बंद झाली होती. 'इतर'मधल्या नळ्या अभ्यासातून वगळायच्या होत्या. गुंजनने विचारलं, पुन्हा 'विश्रांती' करता येईल का. सर हळूच म्हणाले, ही विश्रांती नाही असं तूच चार पानं लिहून दिलंयस ना.

रविवारच्या फोनची वाट न बघता ती शनिवारीच एसटीने चंदाच्या गावी गेली. शकुंतलाबाई पाच-सहा बायांबरोबर बांधीत होती. गुंजनला पाहून धुऱ्यावर आली, हात लुगड्याला पुसले. गुंजनने सगळं सांगितलं, स्वतःची चूकही.

"तसाच राहू देला असता तं का बिघडत होता वं?"

"खोटं झालं असतं मावशी."

"कोनाले समजत होता?"

मग शकुंतलाबाईने विचारलं, बाकीच्या साठ कोण. गुंजन म्हणाली की नावं नसतात, नुसते नंबर असतात. त्यांना कळणारही नाही. शकुंतलाबाईने मान हलवली. बांधीतल्या बायांकडे तिने एकदा पाहिलं. त्या दुपारी सावलीत याच तर बसल्या होत्या.

एवढ्यात त्यांच्यातल्या प्रेमिलाने कंबर सरळ करून विचारलं, "पावनी कोन वं शकुंतला? कायले आली?"

"चंदाची मैत्रीन," शकुंतलाबाई पाण्यात उतरत म्हणाली. "रक्ताचा सांगाले आली. कामी आला म्हनते. तुमचाबी."

प्रेमिला हसली, बरं झाला म्हणाली, आणि परत वाकली. गुंजन धुऱ्यावर उभी राहिली. ते वाक्य तिने दुरुस्त केलं नाही.