डागाचा परवाना

मुफ्लिहने शेवटी सही केली. पण तूर्त ती झालेलीच नाही असं धरून चालू. या घडीला तो विहिरीच्या कुंपणापाशी बगलेत मेंढी धरून उभा होता, आणि अम्मानहून आलेला, पर्यटन कंपनीचा व्यवस्थापक रमझी तिचा कान उलटा करून फोटो काढत होता.

"दोन रेघा, एक टिंब. हा आमच्या कंपनीचा लोगो आहे, काका."

"हा आमच्या घराण्याचा डाग आहे. तापल्या सळईचा."

"घराण्याने नोंदणी केली होती?"

मुफ्लिहने मेंढीकडे पाहिलं. तिने लाजल्यासारखी मान फिरवली.

कुंपणावर फलक होता: 'अस्सल बेदुईन जीवन अनुभवा'. त्याखाली: 'जनावरांना प्रवेश नाही'. पलीकडे पारदर्शक तंबू. आत झोपलेल्या पाहुण्याला तारे दिसत, आणि बाहेरच्या शेळ्यांना पाहुणा. टॉवेलांवर, कपांवर, संडासाच्या दारावर मुफ्लिहच्या घराण्याचा डाग.

"इथे सही करा," रमझी म्हणाला. "खूण कंपनीची, तुम्ही ती आमच्या परवानगीने वापरता. लगेच फाटक उघडतो."

पिकअपमधून मुफ्लिहची बायको फिद्दा त्याला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारत ओरडली, "अबू नायिफ, त्याला विचारा, त्याच्या आईने त्याची नोंदणी केली होती का!"

रमझी हसला नाही. हसण्याचं प्रशिक्षण फक्त पाहुण्यांपुरतं होतं.

कळपाला परवापासून पाणी नव्हतं. दोन कोकरं बसली होती, ती उठवूनही उठेनात. मुफ्लिह त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने पेन मागितलं. फिद्दाने तोंड फिरवलं.

फाटक उघडलं. मेंढ्या प्याल्या. त्यांनी काही वाचलेलं नव्हतं.

शेवटची मेंढी पाण्यावरून हटल्यावर मुफ्लिह म्हणाला, "आणखी एक कागद दे."

"कशाला?"

"रीतसर अर्ज करायचाय."

कागद बॉनेटवर ठेवून तो सावकाश लिहू लागला. फिद्दा खाली उतरून त्याच्या खांद्यावरून वाचत होती.

"'जबाबदार' लिहा," ती म्हणाली. "साधा कारकून नको."

'मा. व्यवस्थापक यांस,
अर्ज करतो की, सदर खूण आमचे पणजोबा समोरच्या टेकडीवर, डावीकडून तिसऱ्या दगडाखाली, त्याच दगडावर कोरून, आजतागायत विनापरवाना वापरीत आहेत. त्यांचीही सही घेणे नियमानुसार आवश्यक आहे. तरी कंपनीचा एक जबाबदार अधिकारी त्यांच्याकडे समक्ष पाठवावा, व सही मिळेपर्यंत त्यास तेथेच, त्यांच्या शेजारी, मुक्काम करण्याची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.'