मोतीबाबाच्या ताटातला डोळा

राधानगरीकडच्या आमच्या गावात दूध संस्थेच्या कट्ट्यावर सकाळचं दूध घालून झालं, तरी किटल्या हातात धरून कुणी घरी जाईना. मधोमध भगव्या शालीत मोतीबाबा. पुढ्यात पितळी ताट, ताटात पाणी, पाण्यात पांढरे पापुद्रे. एकेक पापुद्रा म्हणजे म्हणे एकेकाच्या डोळ्यातून काढलेला मोतीबिंदू.

"ना सुई, ना टाका, ना भुलीचा धक्का, एका फुंकरीत मोती निघतो पक्का," बाबा घोळवून म्हणत होता. "दवाखान्यात डोळं चिरत्यात, पावणं. हितं देवी काढती."

रांगेत शालूबाई होती. नवऱ्यामागं एकटी, दोन म्हशींवर जगणारी. उजव्या डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं, डावाही धुक्यात चालला होता. सोमवारी कोल्हापूरला ऑपरेशन ठरलेलं. सुरीच्या भीतीनं तिनं दवाखान्याचा कागद बाबापुढं धरला. बाबानं तो टराटरा फाडला.

"आता तू देवीच्या हवाली."

तिचा थोरला भाऊ केरबा रांग मोडून पुढं आला. "आधी माझा काढा. डाव्यानं काय दिसत न्हाय."

"दादा, तुझा तर..."

"गप बस की, शालू."

बाबानं पापणी ताणून निरखलं. "लई जुनाट मोती. मुळ्या मेंदूपातूर गेल्यात." पाणी मारलं, पुटपुटला, फुंकर घातली, अंगठा फिरवला. अंगठ्याला ओला पांढरा पापुद्रा चिकटून आला. "बघ, दिसतंय का?"

केरबानं खालची पापणी दाबली, डावा डोळा तळहातावर घेतला आणि ताटात टाकला. टण्णकन वाजला.

"बावीस वर्सं झाली. गुऱ्हाळावर उकळता रस उडून डोळा गेला. ह्यो नकली हाय. त्यात मोती कसा पिकला, महाराज?"

बाबा चाचरला. "त्यो... आत्म्याचा मोती हुता."

"मग आत्म्याला चष्मा लावा," रांगेतली बनाबाई म्हणाली, आणि तिनं त्याची झोळी उपडी केली. आतून अंड्यांची टरफलं पडली.

शाळेच्या स्नेहलबाईंनी एक टरफल उचलून आतला पातळ पापुद्रा सोलून दाखवला. ताटातला आणि हा, एकच. नखाआड लपवायचा आणि डोळ्यापुढं काढायचा, एवढीच ती देवी.

"बाई, मग माझ्या डोळ्यावरचा पडदा?" शालूबाईनं विचारलं.

"वर पडदा नसतोच, मावशी. डोळ्याच्या आत एक भिंग असतं, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं नितळ. त्याच्या गाभ्यातली प्रथिनं आपल्या जन्माआधीच घडतात आणि जन्मभर तीच राहतात. वयानं, उन्हानं, साखरेच्या आजारानं ती एकमेकांना चिकटतात, गढूळ होतात. अंडं उकडलं की पांढरं होतं ना? ते पुन्हा कच्चं करता येतं का?"

"न्हाय."

"फुंकरीनं?"

शालूबाई पहिल्यांदा हसली. "न्हाय की."

"म्हणून गढूळ भिंग काढून नवं बसवायचं. आता टाळलंत तर मोतीबिंदू फार पिकेल, डोळ्यात ताण वाढेल आणि मग डॉक्टरांच्याही हातात काही उरणार नाही."

"पर कागद तर फाडला ह्या मुडद्यानं."

"कागद फाटला. तारीख दवाखान्याच्या वहीत आहे."

पोलीस येईपर्यंत बाबा म्हशींच्या शेणात उकिडवा बसला होता. त्याची कीव कुणी करू नये. गरिबाच्या उरल्यासुरल्या उजेडावर हात मारणारा चोर तो.

सोमवारी पहिल्या एसटीनं केरबा बहिणीला ऑपरेशनला कोल्हापूरला घेऊन गेला. पुढं डॉक्टरांनी कामाला मोकळीक दिल्यावर तिनं स्वतः धार काढली आणि किटलीत पडलेली माशी स्वतःच्या डोळ्यांनी बघून बाहेर काढली.

बायाबापड्यांनो, डोळा धूसर झाला तर डोळ्याच्या डॉक्टरकडं जा. आणि कुणी चमत्कार दाखवू लागला, तर हात जोडण्याआधी त्याची नखं बघा.