गोळाफेकवाले भुजंगराव

व्यासपीठावर चढता चढता भुजंगरावांनी फलक वाचला आणि तिसऱ्या पायरीवरच त्यांचे पाय थबकले. 'गोळाफेकीतले राष्ट्रीय विजेते, प्रेरणादायी वक्ते मा. भुजंगराव.'

भुजंगराव गोल्फ खेळत. धर्माबादहून सिकंदराबादला जाऊन, तिथल्या मैदानावर साहेब लोकांच्या बॅगा उचलता उचलता ते शिकले आणि दोनदा देशात पहिले आले. त्या खेळात कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणूनच जमला. पण लातूरच्या या क्लासमध्ये फलक करणाऱ्याला वाटलं असावं, गोल्फ म्हणजे गोळाफेकच, घाईत उच्चारलेली.

चूक सांगायला हवी होती. तिथंच त्यांचं घोडं अडायचं. हॉटेलात चहाऐवजी कॉफी आली तर ते मुकाट कॉफी पीत. वक्तेही ते असेच झाले: कुणीतरी बोलावलं, नाही म्हणता आलं नाही. असा माणूस अकरा वर्षं 'ठामपणे बोला' असं सांगत हिंडत होता, तेही कागदात बघून.

शिवाय आज काम घरचं होतं. पहिल्या रांगेत धाकटा भाऊ अंगद आणि त्याची लेक राजकन्या बसली होती. डॉक्टरकीसाठी दोनदा 'नीट'ची परीक्षा देऊनही तिचा नंबर लागला नव्हता. तिला नांदेडला बी.एस्सी. करायचं होतं. अंगदच्या खिशात मात्र क्लासच्या तिसऱ्या वर्षाचा फॉर्म होता.

"दादा, जगाच्या पोरांना लई सांगतूस, आज घरच्या पोरीला सांग," सकाळीच त्यानं बजावलं होतं. "भाषण झालं की सहीच घेतो तिची."

"तिला विचारलंस का?"

"तिला काय विचारायचं? तुझ्यावरच गेलीय. तोंडातून शब्द न्हाई."

क्लासचे संचालक सुदर्शन सर उभे राहिले. भुजंगरावांचा काटकुळा हात वर धरून म्हणाले, "या हातानं किती गोळे फेकले असतील!"

मागून आवाज आला, "सर, आधी हाताला खायला घाला!"

हशा पिकला. भुजंगरावही हसले. पोराचं म्हणणं खरं होतं.

मग कापडानं झाकलेलं ताट आलं. शाल असेल म्हणून त्यांनी खांदे पुढे केले. ताटात लोखंडी गोळा होता, कुठल्याशा शाळेतून मागून आणलेला, वर हळदकुंकू.

"फेकू नका सर, नुसता उचलून दाखवा. पोरांना जोर येईल."

भुजंगरावांचा चेंडू सेहेचाळीस ग्रॅमचा. हा सात किलोंचा. सवयीनं त्यांनी नाही म्हटलं नाही. भाषणाचा कागद ताटात ठेवला, दोन्ही हातांनी गोळा पोटाशी घेतला आणि तो तिथंच राहिला. वर जाईना, खाली ठेवायला वाकता येईना. पोरं टाळ्यांच्या ठेक्यावर आकडे मोजू लागली. कंबरेत कळ आली. सगळं सभागृह हसत होतं. एकटी राजकन्या हसत नव्हती. गोळा तिच्याच पोटाशी असावा तशी ती बघत होती.

"सर," भुजंगराव पुटपुटले. माईक तोंडाशीच होता. "ह्यो माझा खेळ न्हाई."

"काय म्हणालात?"

"माझा खेळ न्हाई ह्यो! मी गोल्फवाला हाय. फलक चुकलाय. आधी हे धरा!"

दोघांनी मिळून गोळा ताटात ठेवला, नेमका कागदावर. भुजंगरावांना भाषणातला एक शब्द आठवेना.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून बारीक, पण स्वच्छ आवाज आला. "पप्पा, ह्योबी माझा खेळ न्हाई."

"कंचा?"

राजकन्येनं त्याच्या खिशाकडे बोट दाखवलं.

अंगद लालबुंद झाला. "दादा, यासाठी आणलं व्हय तुला?"

"चुकलं माझं," भुजंगराव सवयीनं म्हणाले. मग, एवढी शोभा झालीच आहे तर म्हणून, "न्हाई. न्हाई चुकलं."

परतीची बस चहासाठी अहमदपूरला थांबली. स्टँडवर उतरल्यावर अंगदनं लेकीला विचारलं, "नांदेडचा फॉर्म कवापर्यंत हाय?"

"सोमवारपर्यंत."

"मंग आधी सांगायचं न्हाई व्हय?"

अकरा वर्षांत भुजंगरावांच्या भाषणानं कुणाचं काही झाल्याचं ऐकिवात नव्हतं. आज झालं, तर भाषणच झालं नव्हतं.

त्यांनी चहा सांगितला. कॉफी आली. त्यांनी पोऱ्याकडे पाहिलं, कॉफीकडे पाहिलं आणि मुकाट प्याले. एका दिवसात माणूस बदलून बदलून किती बदलणार!